चिखल्या नव्हत्या त्या

महालक्ष्मीच्या शर्यतींतून निवृत्त झालेला तो थरोब्रेड जातीचा घोडा अंगाने गडद तपकिरी, पण पुढचा उजवा पाय घोट्यापर्यंत पांढरा. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते आणि पावसाळ्यात आधी तीच बिघडते. त्याचे नाल काढले होते. या जातीचा तळवा मुळात पातळ, त्यामुळे तबेल्यापासून मैदानापर्यंतच्या डांबरावर आणि खडीवर त्याला पुढच्या पायांत खुरावर चढवायचे बूट हवेच होते. बुटांनी चाल सुधारली, पण काही दिवसांत उजव्या पायाची कातडी लाल होऊन पाझरायला लागली. घोडा सांभाळणारा सईस म्हणाला, "भाऊ, चिखल्या झाल्यात." मालकीणबाईंनाही तेच सांगण्यात आलं होतं आणि मलम चालू होतं.

मलम लावण्याआधी केस बाजूला करून खूण कुठून कुठवर आहे ते बघावं, एवढंसं काम कोणी करत नाही याचा मला राग येतो. घासल्याची जखम बुटाच्या काठावर, एका रेषेत असते. आधी केस तुटतात, मग कातडी सोलते. चिखल्या टाचेच्या वरच्या घडीत सुरू होतात, केसांचे झुपके होऊन खपली धरतात, आणि बूट नसलेल्या पायांवरही येतात. बुटाची वस्तूच सोसत नसेल, तर लाली त्या वस्तूच्या आकाराची उमटते.

इथे दोन खुणा होत्या. टाचेच्या बाहेरच्या अंगाला बोटभर सोललेली रेघ, आणि तिच्या वर बुटाच्या पट्ट्याच्या रुंदीची, दोन्ही कडा सरळ असलेली लाली. डाव्या पायात तसाच बूट, पण कातडी काळी, म्हणून वरून काही दिसत नव्हतं. तळहात फिरवला, तर नेमक्या पट्ट्याच्या जागी बारीक पुटकुळ्या हाताला लागल्या.

सोललेल्या रेघेचं कारण मापात होतं. खूर कापल्यानंतर दोन-तीन दिवसांत माप घ्यायचं, तेही मिलिमीटरमध्ये. रुंदी सगळ्यात रुंद जागी. लांबी पुढच्या टोकापासून टाचेचं टणक खूर जिथे जमिनीला टेकायचं थांबतं तिथवर. मागचे मऊ गोळे धरायचे नाहीत, ते धरले की बूट मोठा येतो. डावा खूर १२७ रुंद, १२९ लांब. उजवा १२१ रुंद, १३० लांब. विक्रेत्याने 'थरोब्रेड' एवढं ऐकून दोन्हींना एकच नंबर दिलेला. जात विचारून नंबर देणाऱ्याकडून बूट घेऊच नये. उजव्या बाजूला एवढी मोकळीक राहिली की वळताना बूट खुरावर फिरतो आणि त्याचा काठ टाचेवर करवतीसारखा चालतो. शिवाय खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून आज बसलेला बूट चार-पाच आठवड्यांनी परत तपासावा लागतो.

लालीचं कारण पट्टा. तो निओप्रीनचा. निओप्रीन मऊ, म्हणून ते नाजूक कातडीसाठी खपवतात. पण ते रबर आहे. बनवताना वापरलेली रसायनं काही कातड्यांना सोसत नाहीत, आणि मुंबईच्या जुलैत ते रात्रभरात वाळतही नाही. सकाळी ओलाच पट्टा परत चढतो. अशा घोड्याला मी मऊ बुटापेक्षा मोकळा बूट देतो: केसांच्या रेषेखालीच संपणारा, पाणी गळून जायला भोकं असलेला. वर पट्टा लागलाच तर त्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं नुसतं चालवायचं, बूट काढायचा, हात फिरवायचा. आणि दोन जोड हवेत, म्हणजे एक पूर्ण वाळेपर्यंत दुसरा चालतो.

निघताना सईसला विचारलं, बूट धुतोस कशाने? कपड्यांच्या पावडरने, रोज, बादलीत बुडवून. मी पट्टा साध्या पाण्यात पिळला तर फेस आला. पोरगा मेहनती, त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

मालकीणबाईंनी पावडर त्याच दिवशी बंद करवली आणि दोन पायांना दोन नंबरचे मोकळे बूटही लगेच मागवले. सोललेली रेघ भरली, लाली गेली, गुलाबी कातडीवर केस आले. रेघेचा हिशोब लागतो, लालीचा नाही. निओप्रीनने उठली की पावडरने? जुना पट्टा फेस संपेपर्यंत पिळून, वाळवून, घोडा उभा असताना थोडा वेळ डाव्या पायावर बांधायचा आणि पुढचे दोन-तीन दिवस हात फिरवून बघायचं, असं मी सुचवलं. त्या नको म्हणाल्या. घोडा बरा झालाय, त्यांचं चुकत नाही.

पण त्याच तबेल्यात आणखी घोड्यांच्या पायांत निओप्रीनचे पट्टे आहेत. तेही त्याच पावडरने, त्याच बादलीत धुतले जात होते, आणि त्यांच्या पायांना काहीही झालेलं नाही.