तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फ कोसळणार हे आधी कळतं का?

सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला गेलं की कुणीतरी गाठतंच, "काय ओ, हिवाळ्यात हिमालयात जाता, वरनं बर्फ आला म्हंजे? आधी कळतं का काय?" आणि मी दम लागल्याचं निमित्त करून "सांगतो निवांत" म्हणून सटकतो. आज निवांत आहे.

साताऱ्यात हा प्रश्न नुसता गप्पांचा नाहीये. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या हिमस्खलनात १० जवान गाडले गेले, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते, त्यामुळे बर्फ म्हटलं की आमच्या मावशीला आधी तेच आठवतं. पण ते ड्युटीवर होते, तिथं थांबणं भाग होतं. आम्ही हौसेनं जातो, आम्हाला "आज नको" म्हणता येतं, आणि माझ्या मते बर्फातली निम्मी अक्कल एवढीच आहे.

कारण आंबेनळी घाटातली दरड आपण तिथं असू नसू, यायची तेव्हा येतेच. बर्फाचं तसं नसतं. हौशी लोक ज्या अपघातांत सापडतात त्यातल्या दहापैकी सुमारे नऊ वेळा तो बर्फ त्यांनीच किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी सोडवलेला असतो. ओरडून नाही हं, ते सिनेमात. पायाच्या वजनानं.

कसं, ते मी मनालीच्या वर एकदा डोळ्यांनी बघितलं. दोन दिवस बर्फ पडून गेलेला, आकाश निळंशार, आम्ही सगळे चला चला करत होतो आणि आमच्या उस्तादांनी फावडं काढून छातीएवढा खड्डा खणायला घेतला. मग खड्ड्याच्या भिंतीत वीतभरापेक्षा थोडा रुंद असा बर्फाचा खांब कापून सुटा केला, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि हातानं थापट्या मारायला सुरुवात केली, दहा मनगटातनं, मग दहा कोपरातनं, शेवटच्या दहा खांद्यातनं मारायच्या असतात. खांद्यापर्यंत गेलंच नाही. कोपरातनं दुसरीच थापटी बसली आणि वरचा फूटभर जाडीचा थर टेबलाचा ड्रॉवर उघडावा तसा सर्रकन पुढं आला. खालच्या थरातला बर्फ त्यांनी माझ्या मुठीत दिला, म्हणाले दाब. दाबला, गोळाच होईना, बोटांतनं गळून गेला, अगदी कारखान्याची जाड साखर. असल्या साखरेवर वर घट्ट थर बसला की तो नुसता टेकलेला असतो, चिकटलेला नसतो. आम्ही परत फिरलो. येताना सपाटीवर पायाखाली एकदा धप्प असा दबका आवाज झाला आणि उस्ताद म्हणाले, ऐकलंत ना, हाच तो खालचा थर बसल्याचा आवाज. तो ऐकू आला की उतारावर जायचंच नाही, विषय संपला. (ग्रुपमधला एक जण पैसे वाया गेले म्हणून रात्रीपर्यंत फुगून बसला होता.)

वारा तर पावसापेक्षा, म्हणजे हिमवर्षावापेक्षाही डांबिस. सडावाघापूरचा उलटा धबधबा बघितलाय ना, वारा पाणी कसं वर फेकतो? तिकडं तो बर्फ उचलतो आणि धारेच्या पलीकडं, आडोशाच्या बाजूला नेऊन थापतो, त्यामुळे एका अंगाला घोटाभर बर्फ आणि पलीकडं पुरुषभर, आणि ती पलीकडची बाजूच दिसायला गुळगुळीत, मोहात पाडणारी.

चंदीगडची डीजीआरई, म्हणजे डीआरडीओची संस्था, हिमस्खलनाचा इशारा काढते, तो बघूनच निघायचं. जगभर वापरतात त्या पाच पायऱ्यांच्या पट्टीत तीन आलं की लोकांना वाटतं मधलं आहे, चालतंय की. नाही चालत. बरीच माणसं तीनलाच जीव गमावतात, कारण पाचला कुणी बाहेरच पडत नाही.

आणि गाडलं गेलं तर? थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, बोट हलत नाही, स्वतःहून निघणं विसरा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरून काढलं तर बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर तिघांतला एखादाच. एवढ्यात हेलिकॉप्टर येत नसतं, काढणार ते सोबतचेच. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस कुठं आहे ते सिग्नलनं सांगणारं यंत्र), सॅकमध्ये प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडं, आणि धोक्याचा उतार एकेकानं ओलांडायचा, बाकीच्यांनी आडोशाला थांबून नजर ठेवायची. माझ्या पहिल्या ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रील कुठं चांगलं येतं यावर शंभर मेसेज होते, फावड्यावर एकही नाही, माझाही नाही.

परवा कराडची चार पोरं आली, जानेवारीत निघालीत. म्हणाली काका, कड्याखालनं जाणार नाही, काळजी नको. कड्यावर बर्फ टिकतच नाही रे बाबांनो, म्हटलं, तीस ते पंचेचाळीस अंशाचा उतार बघा. म्हणजे केवढा? घरात फोनचं लेव्हल अॅप काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवायला लावलं, चौतीस आलं. "एवढाच?" म्हणाली. मग चहा झाला, निघाली, तर एक जण जिन्याच्या पायथ्याशीच बुटाची लेस बांधत बसला. त्याला म्हटलं, ऊठ, तिथं थांबायचं नसतं.