अबोला नव्हता तो

पत्नी बोलेनाशी झाली तेव्हा तिने माझ्याशी अबोला धरला आहे, अशी माझी समजूत झाली आणि त्या समजुतीत आम्ही जवळजवळ चार महिने घालवले. पहाटे तीनला ती जागी होऊन छताकडे पाहत पडे, हातातले पुस्तक आठवडाभर त्याच पानावर उघडे असे आणि साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तिला वेळ लागे. यातली प्रत्येक गोष्ट मला माझ्याविरुद्धची तक्रार वाटत होती. आधी मी माफी मागितली, मग वाद घातला आणि शेवटी मीही गप्प झालो. (हे लिहायला तिची संमती आहे आणि मसुद्यातली दोन वाक्ये तिने काढायला लावली आहेत.)

जोडीदाराचा आजार ओळखणे अवघड जाते ते याच कारणाने. बाहेरच्या माणसाला बदललेली व्यक्ती दिसते. नवऱ्याला किंवा बायकोला मात्र आपल्याशी बदललेले वागणे दिसते. वास्तविक फरक डोळ्यांसमोर होता. रुसलेले माणूस आपल्याशी बोलत नाही, पण मैत्रिणीशी फोनवर हसते. तिने मैत्रिणींचे फोनही घेणे थांबवले होते आणि जे गाणे तिचा श्वास होते तेही सोडले होते. मन खिन्न असणे किंवा कशातच रस न वाटणे हे दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ टिकले, त्यासोबत झोप, भूक व एकाग्रता ढासळली आणि आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर डॉक्टर नैराश्याच्या आजाराचा विचार करतात. सकाळी जड आणि संध्याकाळी किंचित हलके वाटणे हेही त्या आजारात आढळते. तिच्या त्या संध्याकाळच्या हलकेपणाला मी ‘मनात आणले तर हिला जमते’ याचा पुरावा मानत होतो, याची मला आजही लाज वाटते.

‘तुला झालंय तरी काय?’ या माझ्या प्रश्नाला तिच्याकडे कधीच उत्तर नव्हते. एका रात्री मी फक्त दिसलेले सांगितले, ‘तीन आठवडे तू पहाटे तीनला उठतेस आणि तुझं वजन उतरलंय. आपण डॉक्टरांना दाखवू या, मी सोबत येतो.’ यात आरोप नव्हता, म्हणून असेल, पण ती लगेच हो म्हणाली. थायरॉइडच्या कमतरतेतही अशीच लक्षणे दिसू शकतात, त्यामुळे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासले आणि मग मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले.

त्यांनी तिला विचारले, ‘झोप फार कमी होऊनही थकवा येत नव्हता, असा काळ कधी होता का?’ ती नाही म्हणाली. मला मात्र दोन वर्षांपूर्वीचे दहा-बारा दिवस आठवले. ती रात्री जेमतेम तीन तास झोपत होती, भरभर बोलत होती, एकाच वेळी अनेक कामे हाती घेत होती आणि एरवी कधी केला नसता असा खर्च करत होती. ते दिवस मी आमच्या संसारातले सर्वांत आनंदाचे दिवस म्हणून जपून ठेवले होते. तो सौम्य उन्माद होता आणि तिचा आजार बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद आणणारा होता. त्या दिवसांना उन्माद म्हणून स्वीकारणे मला निदानापेक्षा जड गेले. अशा काळात रुग्णाला आपण आजारी आहोत असे वाटत नाही, म्हणून जोडीदाराची साक्ष मोलाची असते. नैराश्यावरची गोळी एकटीच दिली गेली तर अशा रुग्णात उन्माद उसळण्याचा धोका असतो. तिला लिथियम हे मनःस्थितीचे चढउतार आटोक्यात ठेवणारे औषध सुरू झाले. उन्मादावरचा त्याचा उपयोग जॉन केड यांनी 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदवला होता. त्याची रक्तातली पातळी ठरावीक काळाने तपासावी लागते आणि शरीरातले पाणी कमी झाले किंवा काही वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर ती पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते.

तिला बरे वाटू लागल्यावर चूक केली ती मी. गोळ्या मोजणे, प्रत्येक हसण्याकडे संशयाने पाहणे, झोपेची चौकशी करणे हे सारे मी काळजीपोटी करत होतो. एके दिवशी ती म्हणाली, ‘मी रागावले तरी आजार, हसले तरी आजार. मग मी कधी असते?’ 1950च्या दशकात लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले होते की, रुग्णालयातून सुटून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या रुग्णांचा आजार, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा अधिक वेळा उलटतो. पुढच्या अभ्यासांत घरातली टीका, वैरभाव आणि अतिरेकी गुंतणे यांच्याशी त्याचा संबंध दिसला. टीका वाईट हे मला ठाऊक होते; अति काळजीही त्याच यादीत आहे, हे मला ठाऊक नव्हते. मग ती बरी असताना आम्ही दोघांनी मिळून कागदावर लिहिले की, सलग दोन रात्री झोप पाच तासांपेक्षा कमी झाली तर मी डॉक्टरांना फोन करावा आणि त्याला तिची आधीच परवानगी असेल; एरवी तिच्या मनःस्थितीवर मी शेरा मारायचा नाही.

एक प्रश्न मात्र स्पष्टच विचारावा लागतो. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मी विचारले तेव्हा ती बराच वेळ रडली आणि हो म्हणाली. ‘कुणाला सांगू नकोस’ ही तिची विनंती मी मानली नाही. त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला, घरातली सगळी औषधे कुलपात ठेवली, कारण लिथियमचा जास्त डोस जिवावर बेतू शकतो, आणि तिला एकटे सोडले नाही. त्या रात्रीनंतर काही आठवडे मला स्वतःलाच झोप लागत नव्हती. समुपदेशकाकडे मी तेव्हा पहिल्यांदा गेलो. खरे तर ते फार आधी करायला हवे होते.

गेल्या महिन्यात दोन दिवस ती पुन्हा माझ्याशी बोलत नव्हती. मी कागद काढून पाहिला. झोप व्यवस्थित होती, सकाळचा रियाज चालू होता आणि बहिणीशी फोनवर ती खळखळून हसत होती. तिला दिलेला शब्द मी विसरलो होतो. मी जाऊन तिची माफी मागितली.