जूनपासूनचं वाचन : गोडसे भटजी दोनदा, लक्ष्मीबाई मोठ्यानं

या पावसाळ्यात ठरवलं होतं की नावाजलेल्या कादंबऱ्या बाजूला ठेवायच्या आणि लेखक व्हायचं म्हणून ज्यांनी लेखणी धरली नाही, अशांचं वाचायचं. त्यातून तीन पुस्तकं मनापासून सुचवावीशी वाटतात.

पहिलं विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. शाळेत असताना एक उतारा वाचला होता, तेवढीच ओळख. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज, आणि ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी आलेली. दान-दक्षिणेच्या आशेनं ते काकांबरोबर 1857 मध्ये उत्तरेला निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. पुढं झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते.

आधी 1907 ची, चिं. वि. वैद्यांनी काढलेली आवृत्ती वाचली. झरझर संपली. मग कळलं की वैद्यांनी भाषा आपल्या काळाला रुचेल अशी करून घेतली होती आणि काही मजकूर गाळलाही होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये पुस्तक पुन्हा काढलं. ती प्रत हाती आली आणि पहिल्याच दिवशी चार पानांवर अडले. वाक्य सुरू कुठं झालं नि संपलं कुठं, हेच लागेना.

वाट आईनं दाखवली. तिची नजर आता अधू झालीय, म्हणून रात्री तिला वाचून दाखवते. ती म्हणाली, “अगं, डोळ्यांनी काय वाचतेस, सांगितल्यासारखं म्हण ना.” तसं म्हणून पाहिलं आणि तीच वाक्यं सरळ झाली. ओसरीवर बसून कुणी हकीकत सांगावी तसं ते लिहिणं आहे. श्वास जिथं घ्यावासा वाटतो तिथं वाक्य मोडतं. आईचं माहेर पेणकडचं, त्यामुळं मला नडलेले कितीतरी शब्द तिच्या बोलण्यातलेच निघाले. त्यानंतर रोज सहा-सात पानं होत गेली.

झाशी पडल्यानंतरची कत्तल आणि लूट वाचताना दोन रात्री थांबावं लागलं. माणसं मेल्याचं लिहिता लिहिता गोडसे तिथल्या ग्रंथसंग्रहाच्या नासधुशीबद्दलही हळहळतात. जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाला पोथ्यांचं दुःख वाटावं, यानं मी हलून गेले. काल्पीच्या वाटेवर राणी भेटते तो प्रसंग तर प्रसिद्धच आहे. विहिरीवर गोडसे पाणी काढून द्यायला पुढं होतात. तुम्ही विद्वान ब्राह्मण, असं म्हणून ती त्यांना काढू देत नाही, स्वतः शेंदते आणि ओंजळीनं पिते. एकच प्रत मिळणार असेल तर पोतदारांची घ्या, आणि मोठ्यानं वाचा.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, 1934 पासून भागाभागानं आलेलं. हे तिसरं वाचन, पण मोठ्यानं पहिलंच. आरंभीच सत्तावन येतं, हे माझ्या आधी ध्यानातच आलं नव्हतं. बंडाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोळच्या आजोबांना फाशी होते आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरतं, ते इतकं की मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायची. आई हसता हसता एकदम गप्प झाली. मला वाटतं, या पुस्तकाचं सगळं बळ तिथं आहे : हसवणाऱ्या ओळीच्या खालीच भीती बसलेली असते. 1895 मध्ये त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंनी जे सोसलं, तेही त्याच सुरात येतं. आवाज कुठंही चढत नाही.

आणखी एक गंमत सापडली. लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव मनकर्णिका. झाशीच्या राणीचंही मणिकर्णिकाच, आणि सासरी दोघीही लक्ष्मीबाई. गोडसे लगेच आधी वाचले नसते तर हे सुचलंही नसतं.

मधे ‘यमुनापर्यटन’ही हाताळलं. बाबा पदमनजींची ही कादंबरी 1857 चीच. उपदेश फार आहे, मला जड गेलं. पण विधवांच्या हकीकती आल्या की पान सोडवत नाही.

तिथून ताराबाई शिंदेंकडे वळणं साहजिकच होतं. बुलढाण्याच्या या बाईंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 मध्ये पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रात बायकांवर जी चिखलफेक झाली, तिला दिलेलं हे उत्तर. पुढं ते विस्मरणात गेलं आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं. पुस्तक छोटंच आहे, पण एका बैठकीत वाचू नका. हे तर मोठ्यानंच वाचायला हवं : समोर पुरुषांची सभा भरलीय आणि ताराबाई एकेकाला उभं करून जाब विचारताहेत, असा त्याचा ठेका आहे. आम्ही अर्ध्यावर आहोत. आई मधेच “पुन्हा म्हण ते” म्हणते, म्हणून पानं सरकत नाहीत, आणि मलाही घाई नाही.

वैद्यांची प्रत गुरुवारी ग्रंथालयात परत करायची आहे. त्याआधी झाशीची पानं दोन्ही आवृत्त्यांतून समोरासमोर ठेवून पुन्हा वाचायची आहेत, या वेळी हातात पेन्सिल घेऊन.