सहा आठवड्यांचं बिल

गावोगावी दौरा करणाऱ्या म्युझिकलच्या (संगीत नाटकाच्या) हिशेबाचं माझं काम. त्या दिवशी न्यूयॉर्क राज्याच्या नाट्य-कर सवलतीचा अंतिम अर्ज जायचा होता. न्यूयॉर्क शहराबाहेरच्या, किमान 1,000 आसनांच्या नाट्यगृहात दौऱ्याची तांत्रिक तालीम केली, तर पात्र खर्चाच्या 25 टक्के कर-क्रेडिट, म्हणजे करातून परत मिळणारी रक्कम, मिळतं. कायदा 2014 चा, अंमल 2015 पासून. सगळ्या निर्मात्यांत मिळून वर्षाची मर्यादा आधी 40 लाख डॉलर, नंतर 80 लाख. दौरे स्केनेक्टडी किंवा बफलो अशा राज्यातल्या इतर शहरांतून सुरू होतात त्यामागे हे गणित असतं. (शहरातल्या प्रयोगांसाठी 2021 साली आलेली सवलत वेगळी. ती यात मिसळू नये.)

फाइल नीट दिसत होती. अडलं ते प्रकाश आणि ध्वनी सामग्रीच्या भाड्यावर: एकच बिल, 1,80,000 डॉलर, सगळं पात्र खर्चात धरलेलं. मी तारखा पाहिल्या. सहा आठवड्यांपैकी पहिला आठवडा न्यू जर्सीतल्या गोदामात जुळवाजुळवीचा, शेवटचे दोन ओहायोतल्या प्रयोगांचे. न्यूयॉर्कच्या नाट्यगृहातले तीनच. म्हणजे पात्र 90,000, आणि क्रेडिट 45,000 ऐवजी 22,500. त्या 45,000 च्या भरवशावर निर्मात्याने आधीच कर्ज उचललं होतं. हे पैसे राज्याकडून अंतिम प्रमाणपत्र मिळाल्यानंतर, कर-विवरणपत्रामार्फत येतात, तोवर महिने जातात. म्हणून कर्ज नेहमीचंच.

मग उलट बाजूने शोध घेतला. रंगमंचावरच्या स्थानिक कामगारांचा पगार नाट्यगृह देतं आणि नंतर आमच्याकडून वसूल करतं. त्यामुळे आमच्या पगारपत्रकात ही माणसं दिसतच नाहीत. खात्यात ‘नाट्यगृह हिशेब’ अशी एक ओळ होती, 64,000 डॉलरची, आणि ती कुणी दाव्यात घेतलीच नव्हती. लोड-इन (ट्रकमधलं सामान उतरवून रंगमंचावर लावणं), दिवे टांगणं, रात्रीचा ओव्हरटाइम, सगळं त्यात. पण एका ओळीवर दावा टिकत नाही. नाट्यगृहाकडून माणूस, दिवस आणि तास अशी फोड मागवली. ती दुपारी चारला आली. त्यातले चार हजार ओहायोला निघताना ट्रक भरतानाचे होते. ते वादात पडू नयेत म्हणून मी बाजूला ठेवले. उरलेल्या 60,000 वर 15,000 चं क्रेडिट.

साडेसात हजारांची तूट उरलीच. निर्मात्याला फोन केला, मग अर्ज पाठवला. पुढच्या दौऱ्याच्या खतावणीत पहिल्या दिवसापासून ‘राज्यात’ आणि ‘राज्याबाहेर’ असे दोन रकाने घातले, आणि सामग्रीवाल्याला आठवड्याला एक बिल काढायला सांगितलं.