ग्रॅच्युइटीसाठी केंद्रीय श्रम आयुक्तांच्या दारी: माझा अनुभव

मी निवृत्त झालो तेव्हा माझी सलग सेवा 17 वर्षे 8 महिने झाली होती आणि मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून शेवटचा पगार 26,000 रुपये होता. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना मालकाने सेवेबद्दल द्यायची एकरकमी रक्कम. तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार महिना 26 दिवसांचा धरून दर वर्षामागे 15 दिवसांचे वेतन मिळत असे, आणि सहा महिन्यांहून अधिक सेवेचे पूर्ण वर्ष धरले जाई. म्हणजे माझे 2,70,000 रुपये होत होते. कंपनीने मात्र महागाई भत्ता वगळला आणि वर्षेही 17च धरली.

राज्याच्या कामगार कार्यालयात कळले की, कंपनीच्या शाखा अनेक राज्यांत असल्याने हे प्रकरण केंद्राच्या अखत्यारीतले आहे. तेव्हा नेमणूकपत्र, पगारपावत्या आणि कार्यमुक्तीचे पत्र जोडून मी ‘एन’ नमुन्यातला अर्ज नव्वद दिवसांच्या मुदतीत केंद्राच्या सहायक श्रम आयुक्तांकडे दिला. वकील करावा लागला नाही.

सुनावणीची वाट पाहताना केंद्रीय श्रम आयुक्तांच्या या यंत्रणेचा इतिहास वाचला. कामगारांच्या प्रश्नांवर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनने 1931 मध्ये केलेल्या शिफारशींतून ही यंत्रणा एप्रिल 1945 मध्ये उभी राहिली. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. दिल्लीत मुख्य श्रम आयुक्त, मुंबई, कलकत्ता व लाहोर येथे प्रादेशिक आयुक्त, कामगार व मालक यांच्यातले तंटे मिटवणारे 8 समेट अधिकारी आणि 23 निरीक्षक, एवढ्याच मनुष्यबळावर काम सुरू झाले. एकट्या कामगाराचे मालकापुढे काही चालत नाही, म्हणून दोघांमध्ये सरकारने उभे राहावे, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. त्याची प्रचिती मी स्वतः घेतली.

सुनावणीत कंपनीच्या प्रतिनिधीने भत्ता वेतनात धरता येत नाही, असे सांगितले. अधिकाऱ्यांनी कायद्यातली वेतनाची व्याख्या वाचून दाखवली: महागाई भत्ता त्यात येतो, घरभाडे व बोनस येत नाहीत. सेवेच्या वर्षांचा प्रश्न नेमणूकपत्रावरील तारखेनेच मिटला. फरकाची रक्कम आणि देय तारखेपासून दरसाल 10 टक्के सरळव्याज द्यावे, असा आदेश झाला.

अपिलासाठी मालकाला आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते, आणि आदेश न पाळल्यास जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. कंपनीने अपील केले नाही. रक्कम व्याजासह माझ्या खात्यात जमा झाली.