चुलत आजोबांची नोंद आणि जात वैधतेचे प्रमाणपत्र

मुलीच्या जातीचा दाखला विनासायास मिळाला, तो पडताळून वैधता मिळवण्याचा ऑनलाइन अर्जही सुरळीत भरला गेला. आमचे घोडे अडले ते जिल्हा जात पडताळणी समितीच्या त्रुटीपत्रावर, आणि त्याचा राग अजून ओसरलेला नाही.

अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक, म्हणजे पुराव्यासाठी आधार धरली जाणारी तारीख, 10 ऑगस्ट 1950 असल्यामुळे त्यापूर्वीचा, वडिलांकडील नातेवाइकाच्या जातीची नोंद असलेला कागद लागतो. माझे वडील शाळेत गेले ते 1956 च्या धर्मांतरानंतर, त्यामुळे त्यांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘बौद्ध’ आहे, आणि आजोबांनी तर शाळेची पायरीच चढलेली नव्हती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवले, त्यांच्याच नातवंडांकडे शाळेची जुनी नोंद मागायची आणि जात पडताळणी कायद्याच्या कलम 8 प्रमाणे पुराव्याचा भारही त्यांच्यावरच टाकायचा, हे मला आजही पटत नाही. पडताळणी नकोच असे मात्र मी म्हणणार नाही, कारण बोगस दाखल्यावर बळकावली जाते ती आमचीच जागा.

आजोबांचे धाकटे भाऊ मात्र 1944 साली गावच्या शाळेत दाखल झाले होते. कडा वाळवीने खाल्लेल्या त्या रजिस्टरात त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि पुढे ‘महार’ एवढेच आहे. गावावरून पडलेले आमचे आडनाव तेथे नाही. म्हणून समितीने कळवले की, नोंदीतील व्यक्ती अर्जदाराच्या वंशावळीतील असल्याचे सिद्ध होत नाही. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र दिले, गावातील वृद्धांचे जबाब दिले, तरी सुनावणीला पुढची तारीखच मिळत राहिली. प्रवेशाची मुदत जवळ येत होती. त्या मुदतीत वैधता सादर झाली नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो, हे वाक्य मुलगी रोज ऐकवत होती.

तिढा सुटला तो जमिनीच्या कागदाने. वतने खालसा झाल्यानंतर पणजोबांच्या नावे राहिलेल्या तुकड्याच्या वारस फेरफारात दोन्ही भावांची नावे, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, एकाखाली एक निघाली. ज्या वतनाने आमच्या घराला राबवून घेतले, त्याचाच कागद उपयोगी पडावा, याचे हसू आले. त्यानंतरची समितीच्या दक्षता पथकाची गृहचौकशी सरळ पार पडली.

तेव्हा शाळेकडे धावण्याआधी तलाठ्याकडे आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन जुने फेरफार व गाव नमुना 14 (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) पाहावेत आणि प्रमाणित प्रतीच घ्याव्यात. शाळेकडून प्रवेश-निर्गम उतारा घेताना मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक तेथेच तपासावा. पडताळणीचा अर्ज अकरावीतच करावा, हे खरे तर आधी सांगायला हवे होते. घरात वडिलांकडील कोणाची वैधता झालेली असेल, तर तिची प्रत पहिल्याच दिवशी जोडावी. माझ्या चुलत भावाच्या मुलाने आता आमच्या मुलीची जोडली आहे.