गणपतीनंतर, छाटणीच्या आधी

सांगलीहून लेहला गाडी घेऊन जायचं, हे एका संध्याकाळी चहावर ठरतं. कधी जायचं, ते मात्र वर्षभर ठरत नाही.

मे महिना म्हणाल तर हळदीची लागण. जूनमध्ये पेरण्या. जुलै-ऑगस्टात सांगलीकर पै-पाहुण्यांकडे मुक्काम करायलाही बिचकतो. २०१९ चा पूर बघितल्यापासून कोयनेतून किती पाणी सोडलंय हे कळल्याशिवाय आमच्याकडे घास उतरत नाही. ऑक्टोबर उजाडला की द्राक्षाची छाटणी, आणि आमच्यातल्या एकाची बाग तासगावच्या बाजूला. छाटणी सोडून हिमालयात गेलेला द्राक्षवाला अजून जन्माला यायचाय. पुढे थंडी लागली की श्रीनगर-लेह वाटेवरच्या झोजी लाचा (ला म्हणजे खिंड) भरवसा नाही. तेव्हा उरतो तो एकच पट्टा, विसर्जनापासून छाटणीपर्यंतचा. नशीब असं, की लडाखलाही तेच दिवस बरे. जम्मूकडच्या पावसाचा आणि दरडींचा जोर ओसरत आलेला असतो आणि वर अजून बर्फ पडायला लागलेलं नसतं. फक्त अधिक महिन्याच्या वर्षी बाप्पा उशिरा येतात, मग तो पट्टाही आक्रसतो.

तारखा अशा अधांतरी असल्या तरी रस्ता आखायला कुणाची हरकत नसते. माझं तर मत आहे की खरी मजा त्यातच आहे. मोबाईलवरचा नकाशा निळी रेघ ओढून दाखवतो: पेठ नाका, सातारा, पुणे, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, मग अंबाला, लुधियाना, जम्मू, श्रीनगर, कारगिल, लेह. तीन हजार किलोमीटरच्या आसपास. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची असते, हे मला पटत नाही. सेंधव्याचा घाट आणि झोजी ला एकाच रंगात दाखवायचे म्हणजे काय?

दुसरा नकाशा आमच्या दाजींच्या डोक्यात आहे. दाजी विट्याकडचे, गलाईवाले. खानापूर-आटपाडीच्या माळावर पाऊस पडायचा नाही, म्हणून तिथली माणसं सोनं-चांदी गाळायची कला घेऊन देशभर पांगली. आजही कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ कट्ट्यात शिरा, भट्टीपाशी विट्याची बोली ऐकू येण्याची शक्यता दांडगी. त्यामुळे दाजींना भारताचा भूगोल गावांनी नाही, भावकीने पाठ आहे. मी म्हटलं, "दाजी, पहिला मुक्काम इंदूरला धरलाय." त्यांनी लगेच, "इंदूरला आपला धाकला चुलता हाय. लॉज करायचा न्हाई, वाईट दिसतं." आग्र्याला मावसभाऊ, दिल्लीला अर्धं गाव, लुधियान्याला सोयरे. दाजींच्या नकाशाने गेलं तर राहण्याचा खर्च शून्य, पण प्रत्येक ठिकाणी जेवल्याशिवाय सुटका नाही, आणि लेहला पोचेपर्यंत पुढची छाटणी येईल. त्यांची एक अट मात्र मी वहीत लाल शाईने लिहून घेतली: "रातच्याला गाडी मारायची न्हाई." दिवस मावळला की थांबायचं. आयुष्यभर रात्रीच्या एसटीने आणि रेल्वेने हिंडलेल्या माणसाचा हा सल्ला, म्हणून त्याला वजन आहे.

आईचा नकाशा नद्यांचा. आंघोळीच्या वेळी ती ज्या सात नद्यांना तांब्यात बोलावते त्यांतल्या वाटेत किती लागतात, हे तिने बोटांवर मोजलं. नाशकात गोदावरी, खलघाटला नर्मदा, आग्र्या-दिल्लीला यमुना आणि शेवटी लडाखात सिंधू. चार झाल्या. गंगा थोडक्यात हुकते, कावेरी उलट्या दिशेला, सरस्वती कुणालाच भेटत नाही. शिवाय पंजाबातून वर सरकताना सतलज, बियास, रावी, मग रामबनला चिनाब आणि श्रीनगरात झेलम. म्हणजे शाळेत घोकलेल्या पाचही नद्या ओळीने हजर. या सातांत आमची कृष्णा मात्र नाही. इतकं पाणी देऊन, इतकं रडवूनही तिला त्या श्लोकात जागा मिळाली नाही, याचं मला लहानपणापासून वाईट वाटत आलंय.

उंचीचा विषय निघाला की आम्ही खरे अडाणी ठरतो. सांगली समुद्रसपाटीपासून जेमतेम अठराशे फुटांवर. आम्ही फूट मोजतो ते कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, पुराच्या पाण्याचे: ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर. बस, एवढंच आमचं फुटांचं जग. आता वहीत लिहितोय, लेह साडेअकरा हजार, फोतू ला साडेतेरा हजार, तांगलांग ला सतरा हजारांच्या पुढे. खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, मोजणी केली तर खिंड भरते सुमारे १७,५८०. आठशे फुटांची थाप! आयर्विन पुलावरच्या पट्टीने एका फुटाची जरी मारली असती तरी अर्धी सांगली उगीचच माळ्यावर चढून बसली असती.

श्रीनगरकडून चढायचं की मनालीकडून, यावर आमच्यात दोन तट पडले होते. तरुण मंडळींना मनाली हवी होती. २०२० साली सुरू झालेला अटल बोगदा, नऊ किलोमीटरचा, त्यांना बघायचा होता. भांडण मिटवलं डॉक्टरांनी. मनालीकडून गेलं तर सहा-साडेसहा हजार फुटांवरून दोन दिवसांत सतरा हजारांवर, आणि मधला मुक्काम सरचूला, तोच चौदा हजारांवर. दिवसा उंचावर जाऊन यायला शरीर फारशी कुरकुर करत नाही, पण झोपायची जागा एकदम उंच झाली की डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. लेहला हवेचा दाबच समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश. श्रीनगरच्या रस्त्याने मात्र चढ बेताबेताने येतो, कारगिलचा मुक्काम नऊ हजारांच्या आतच. तेव्हा जाताना श्रीनगर, लेहला दोन दिवस नुसतं पडून राहायचं, आणि उतरताना मनाली. बोगदा तेव्हा बघा.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी एका वाक्यात काम संपवलं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. फोनचंही तसंच. बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखात चालत नाही, तेव्हा दोघांनी तरी पोस्टपेड करून घ्यायचं.

खाण्याच्या यादीला मात्र अंत नाही. धपाटी दोन दिवस टिकतील, कडक भाकरी आठवडाभर, शेंगदाण्याची चटणी परत येईपर्यंत. भडंग तर आलंच. ते भडंग पाकीटबंद घ्यायचं की डब्यात, यावर चर्चा झाली, कारण वरच्या विरळ हवेत सीलबंद पाकिटं टम्म फुगतात, एखादं फुटतंही. घरच्या चिवट पिशवीत रबर लावून न्यावं, असा निकाल लागला. वाटेत खिचडी करायची म्हणून आईने छोटा कुकर काढून ठेवलाय. तो न्यायलाच हवा. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजवत बसलं तर रात्र होईल, आणि रात्रीचं काय ते दाजींनी सांगून ठेवलंय.

आता सगळं झालंय. वही भरली, नद्या मोजल्या, लुधियान्याच्या सोयऱ्यांनी किती जणांचा स्वयंपाक करू म्हणून विचारूनही झालं. राहिलाय तो एकच प्रश्न, मागच्या सीटवर मधे कोण बसणार. तीन हजार किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. तो विषय निघाला की एकेकाला अचानक फोन येतो.